खरे की खोटे? आधी ओळ दाखवा

दहावीचा इंग्रजीचा पेपर सुटला की मुली परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर घोळका करून उत्तरे ताडून पाहतात. पत्र कसे लिहिले, भाषांतर कसे केले, ही चर्चा लवकर संपते. भांडण लागते ते 'ट्रू ऑर फॉल्स'वरून. एक म्हणते ट्रू, दुसरी म्हणते फॉल्स. दोघींनी उतारा वाचलेला असतो, दोघींना त्यातले बहुतेक शब्द कळलेले असतात, तरी उत्तरे वेगळी.

बुलढाणा जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या मुलांना मी शिकवते. माझे बी.एड. उर्दू आणि मराठीचे. पण आमच्यासारख्या शाळांत भाषेच्या शिक्षकाच्या वाट्याला इंग्रजीही येतेच. त्यामुळे हे भांडण मी बऱ्याच वर्षांपासून ऐकत आले आहे, आणि ते इंग्रजी न येण्याचे भांडण नाही, असे माझे मत झाले आहे.

आधी पेपरची मांडणी सांगते, कारण पुष्कळ पालकांना ती ठाऊक नसते. आपल्या बोर्डात इंग्रजी ही उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांची तृतीय भाषा. लेखी पेपर ८० गुणांचा, त्याला 'कृतिपत्रिका' म्हणतात. बाकीचे २० गुण शाळेतल्या तोंडी व अंतर्गत परीक्षेचे. लेखी पेपरात पाठ्यपुस्तकातले उतारे येतात आणि पुस्तकाबाहेरचाही येतो. उताऱ्याखालची पहिली कृती मुद्दाम सोपी ठेवलेली असते, २ गुणांची. पुष्कळदा त्यात चार विधाने देतात आणि प्रत्येक विधान उताऱ्याप्रमाणे बरोबर की चूक ते विचारतात. एका विधानाला अर्धा गुण. लिहायचे काही नाही, व्याकरण चुकण्याची भीती नाही, स्पेलिंगचा प्रश्न नाही. कच्च्या मुलासाठी पेपरातले हे सगळ्यांत हक्काचे गुण. आणि तेच हातचे जातात.

अर्ध्या गुणाचे काय एवढे, असे कुणी म्हणेल. हुशार मुलाला काहीच फरक पडत नाही. पण काठावरच्या मुलीचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या गुणानेच जमत असतो. आपल्या घरांतली गोष्ट आपल्यालाच माहीत आहे. मुलगा इंग्रजीत राहिला तर "पुन्हा बैस" म्हणतात. मुलगी राहिली तर पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरेपर्यंत घरात रिश्त्याची बोलणी सुरू झालेली असतात. गणितात आणि इंग्रजीत अडकून घरी बसलेल्या मुली मी मोजल्या नाहीत, पण त्यांची नावे मला पाठ आहेत.

शब्द ओळखीचा म्हणून ट्रू

हे गुण जातात कसे? एक सवय अशी की मुले विधान वाचतात, त्यातला एखादा ओळखीचा शब्द पकडतात आणि तो उताऱ्यात शोधतात. सापडला की ट्रू, नाही सापडला की फॉल्स. पेपर काढणाऱ्याला ही सवय पक्की माहीत असते. म्हणून तो खोटे विधान उताऱ्यातल्याच शब्दांत लिहितो आणि खरे विधान वेगळ्या शब्दांत. दुसरी सवय याहून अवघड: मूल उताऱ्यातून नव्हे, डोक्यातून उत्तर देते. त्याला जे आधीपासून माहीत आहे ते खरे, मग उताऱ्यात काही का लिहिलेले असेना.

या दोन्ही सवयी दाखवण्यासाठी मी लोणारवर एक छोटा इंग्रजी उतारा लिहून ठेवला आहे. लोणार आपल्याच जिल्ह्यातले, बऱ्याच मुलांनी सहलीत पाहिलेले. उताऱ्याचा मजकूर मराठीत असा: 'लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. बसाल्ट खडकावर उल्का आदळून हे विवर तयार झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. सरोवराचे पाणी खारट आहे. विवराच्या वयाबद्दल शास्त्रज्ञांचे एकमत नाही: एका अंदाजाप्रमाणे ते सुमारे ५० हजार वर्षांचे आहे, तर दुसऱ्याप्रमाणे ५ लाख वर्षांहून जुने. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा हे मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे घडल्याचे दिसले. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.'

आता विधाने पाहा. पहिले: 'विवर ५० हजार वर्षांचे आहे हे शास्त्रज्ञांना मान्य आहे.' वर्गातले निम्म्याहून जास्त हात ट्रूसाठी वर जातात. ५० हजार हा आकडा उताऱ्यात आहे, शास्त्रज्ञ आहेत, विवर आहे. नाही ते फक्त 'मान्य'. उतारा तर म्हणतो, एकमत नाही. म्हणजे फॉल्स.

दुसरे: '२०२० मध्ये सरोवराच्या पाण्याचा रंग बदलला.' इंग्रजीत उताऱ्यात 'टर्न्ड पिंक' असते आणि विधानात 'चेंज्ड इट्स कलर'. मुले 'कलर' शोधतात, तो उताऱ्यात कुठेच नाही, म्हणून फॉल्स लिहून मोकळी. विधान मात्र सरळ ट्रू आहे.

तिसऱ्या विधानात खरी गंमत येते: 'लोणार हे बसाल्टमधले जगातील एकमेव विवर आहे.' सामान्य ज्ञानाच्या पुस्तिका पाठ करणारी मुले एका सुरात ट्रू म्हणतात. पुस्तिकांत तसे छापलेले असतेच. (ब्राझीलमध्येही बसाल्ट खडकात उल्कापाताची विवरे सापडली आहेत, तेव्हा ती माहितीही तपासून घ्यायला हवी. पण तो वेगळा विषय.) मी एवढेच विचारते, "उताऱ्यात हे कुठे लिहिलंय? ओळ दाखव." मग बोट वरून खाली फिरते, खालून वर फिरते आणि हवेत थांबते.

चौथे विधान मला सगळ्यांत आवडते: '१८२३ पूर्वी लोणार सरोवर कोणालाच ठाऊक नव्हते.' अलेक्झांडरसाहेबाने १८२३ मध्ये नोंद केली, एवढेच उतारा सांगतो. त्याआधी कुणाला माहीत होते की नव्हते, याबद्दल तो गप्प आहे. मग मी फळ्यावर उताऱ्यात एक ओळ वाढवते: 'अकबराच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या आईन-ए-अकबरीतही लोणारचा उल्लेख आहे.' ही ओळ येताच विधान चक्क फॉल्स होते. दोन मिनिटांपूर्वी जे सांगता येत नव्हते ते आता खोटे ठरले. विधान तेच आहे, जग तेच आहे, बदलला तो फक्त उतारा. मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो तो इथे. प्रश्न जगाबद्दल नाही, या कागदाबद्दल आहे, हे त्यांना एकदम कळते.

'सांगता येत नाही' हे उत्तर आपल्या बोर्डाच्या पेपरात नसते. तिथे ट्रू आणि फॉल्स दोनच, आणि बोर्डाची विधाने सहसा उताऱ्यातल्या एखाद्या ओळीशी जुळणारी किंवा तिच्या उलट असतात. शाळेच्या चाचणीत किंवा खासगी सराव-पुस्तिकांत मात्र उताऱ्यात नसलेलीच गोष्ट विधान म्हणून दिलेली आढळते. असे विधान मुलाला शिकवत काही नाही, फक्त गोंधळवते. पालकांनी ते शिक्षकांना जरूर विचारावे. परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांसाठी जी आयईएलटीएस परीक्षा असते तिच्यात मात्र ट्रू, फॉल्स आणि 'नॉट गिव्हन' असे तीन पर्याय असतात. तिथे वाचनाचे ४० प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे असतात, आणि 'फॉल्स' व 'नॉट गिव्हन' यांतला फरक भल्याभल्यांना घाम फोडतो. लोणारचा चौथा प्रश्न ज्याला समजला, त्याला तो फरक समजला.

नकार कुठे दडतो

यापुढची अडचण मात्र खरोखर भाषेची आहे, आणि ती आपल्या उर्दू बोलणाऱ्या मुलांची खास आहे. इंग्रजीत नकार नेहमी 'नो' किंवा 'नॉट'च्या रूपात समोर येत नाही. तो दुसऱ्या शब्दांच्या पोटात दडून बसतो.

'हार्डली' घ्या. मुलांना 'हार्ड' म्हणजे मेहनत हे माहीत असते. 'ही हार्डली वर्क्ड' हे वाक्य वाचून ती सांगतात, त्याने खूप मेहनत केली. अर्थ अगदी उलटा आहे: त्याने काम केलेच नाही म्हटले तरी चालेल. 'टू टायर्ड टू ईट' यात 'नॉट' नावालाही नाही, पण तो माणूस जेवलेला नाही. 'अ फ्यू' म्हणजे चंद, थोडे का होईना पण आहेत. त्यातला छोटासा 'अ' काढला की 'फ्यू' म्हणजे जवळपास नाहीतच. एका अक्षरावर अर्धा गुण!

सगळ्यांत जास्त दगा देणारी जोडी 'अनटिल' आणि 'अनलेस'. आपण उर्दूत म्हणतो, 'जब तक भाई न आए, मैं नहीं जाऊँगी.' यात 'न' दोनदा येतो. मराठीत म्हणतो, 'भाऊ येईपर्यंत मी जाणार नाही.' नकार एकदाच. इंग्रजी 'अनटिल' मराठीसारखे चालते, उर्दूसारखे नाही. म्हणून उर्दूतून विचार करणारे मूल लिहिताना 'अनटिल'नंतर आणखी एक 'नॉट' घुसवते आणि वाचताना तो 'नॉट' दिसला नाही की गडबडते. 'अनलेस'चे उलटे आहे. त्याच्या पोटात नकार आधीच आहे: 'अगर न आए तो', 'आला नाही तर'. 'अनलेस इट रेन्स, वी विल प्ले' म्हणजे पाऊस आला नाही तर आपण खेळू. यावर विधान येते, 'पाऊस आला तरी ते खेळणार आहेत.' आणि मूल ट्रू लिहून बसते.

उपाय अवघड नाही, आणि मला तर तो आपल्या मुलांचा फायदाच वाटतो. त्यांच्याकडे दोन भाषा आहेत. 'अनटिल' दिसले की मनात मराठी वाक्य करा, 'अनलेस' दिसले की उर्दू. 'पर्यंत' आणि 'अगर न', एवढे दोन शब्द वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले तरी वर्षभर पुरतात. आपल्या घरांत मराठीला बाजारापुरती भाषा समजून मुलांना तिच्यापासून लांब ठेवणारे पालक मला भेटतात. त्यांना मी हेच उदाहरण देते.

मोजमापाचे शब्दही तपासायचे. उताऱ्यात 'मोस्ट' असेल आणि विधानात 'ऑल', तर विधान गेले. 'सम'चे 'एव्हरी' झाले, 'ऑफन'चे 'ऑलवेज' झाले, 'मे'चे 'विल' झाले, कुठूनसा 'ओन्ली' येऊन बसला, की लाल दिवा. कर्ताकर्मही पाहावे: सलीमला रेहानने मदत केली की रेहानला सलीमने? 'वॉज हेल्प्ड बाय' आले की मुले पहिल्या नावालाच मदत करणारा ठरवतात.

आईला इंग्रजी येत नसेल तर

पालकसभेत मी हे बोलते तेव्हा मागच्या रांगेतून ठरलेला प्रश्न येतो, "मिस, हमको तो अंग्रेज़ी आती नहीं, बच्ची को क्या पढ़ाएँ?" मी विचारते, घरात पेपर येतो का? उर्दू, मराठी, कुठलाही. मोबाईलवर बातमी वाचता येते का? मग पुरे.

मगरिबनंतर दहा मिनिटे काढा. एक छोटी बातमी मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. समजा बातमी अशी आहे की तालुक्यात काल बऱ्याच गावांत गारपीट झाली, गव्हाचे नुकसान झाले आणि पंचनामे सोमवारपासून सुरू होतील. आता तुम्ही विधाने करा. 'तालुक्यातल्या सगळ्या गावांत गारपीट झाली.' 'गारांनी शेतीचे नुकसान झाले.' 'पंचनामे सुरू झाले आहेत.' 'शेतकऱ्यांना भरपाई मिळेल.' मुलीने प्रत्येकाला ट्रू, फॉल्स किंवा 'लिहिलेलं नाही' म्हणायचे आणि बातमीतल्या ओळीवर बोट ठेवायचे. बोट ठेवता आले नाही तर उत्तर मान्य नाही, ते बरोबर असले तरी. हा एकच नियम कडक पाळा. 'शेतकऱ्यांना भरपाई मिळेल' यावर बोट ठेवायला जागाच नाही हे तिला स्वतःला सापडले पाहिजे. पंचनामा झाला म्हणजे भरपाई मिळतेच असे नाही, हे अब्बांना चांगले माहीत असते. ते हसतील, हसू द्या.

चार दिवसांनी विधाने मुलीला करू द्या आणि उत्तरे तुम्ही द्या. विधान बनवणे उत्तर देण्यापेक्षा कठीण आहे. सापळा कसा लावतात हे ज्याने एकदा केले तो सापळ्यात सहसा अडकत नाही. दादीलाही बसवा. वाचता येत नसेल तर ऐकून उत्तर देतील, आणि कोणी सांगितलेले आणि कोणी स्वतःच्या मनाचे घातलेले, यातला फरक ओळखण्यात त्या आपल्या सगळ्यांहून तरबेज असतात. पंधरा दिवसांनी हाच खेळ इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावर घ्या. तोवर मुलीची पद्धत बसलेली असते, उरतात फक्त शब्द, आणि शब्दांसाठी डिक्शनरी आहे.

हे फक्त परीक्षेपुरते राहत नाही. आपल्याकडची मुले सौदी, दुबई, कतारला कामाला जातात तेव्हा कराराचा कागद इंग्रजीत येतो. एजंट तोंडी सांगतो, राहणे-जेवण कंपनीचे. कागदावर असते, राहण्याची सोय 'मे बी प्रोव्हायडेड'. 'मे' म्हणजे देऊ शकतील, देतीलच असे नाही. एजंटचे बोलणे हे विधान, करार हा उतारा. दहावीत 'मे' आणि 'विल' यांत गल्लत केली तर अर्धा गुण जातो. इथे मुलाच्या पगारातून दर महिन्याला खोलीभाडे जाईल. सही करण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुलीला कागद दाखवा आणि एजंटला तिच्यासमोर तोच प्रश्न विचारा: हे कुठे लिहिलंय, ओळ दाखवा. शिष्यवृत्तीची जाहिरात, बँकेच्या कर्जाचा कागद, बचत गटाचा हमीपत्राचा नमुना, सगळीकडे हेच.

परीक्षेच्या दिवसाचे थोडे. उताऱ्याआधी चार विधाने वाचायची, मग उतारा. असे केले की डोळे काय शोधायचे ते जाणतात. विधाने बहुधा उताऱ्याच्या क्रमाने येतात, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये. अडले तर ते विधान सोडून पुढे जावे, पण कोरे ठेवू नये. चूक उत्तराला बोर्डात गुण कापत नाहीत. पूर्वी पेपर सुरू होण्याआधी दहा मिनिटे प्रश्नपत्रिका वाचायला मिळत. २०२३ पासून ती दहा मिनिटे शेवटी दिली जातात. ती बाकीची पानेच्या पाने सजवण्यात घालवण्यापेक्षा या विधानांकडे परत जावे. 'ऑल', 'ओन्ली', 'अनलेस' यांखाली पेन्सिलने रेघ मारून ओळ पुन्हा पाहावी. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा चालू असतानाच रमजान सुरू झाला होता. रोजा ठेवून अकरा वाजता पेपरला बसणारी मुले पहिल्या तासात ताजी असतात, दुपारी एकनंतर डोळे जड होतात. अशा मुलांनी उतारे आधी सोडवावेत आणि पत्रलेखन नंतर. पत्राचा साचा झोपेतही आठवतो, उतारा झोपेत वाचता येत नाही.

आता आज रात्रीसाठी हाच लेख उतारा म्हणून घ्या. विधाने देते. या लेखाच्या लेखिकेच्या मते मुलांचे गुण फक्त शब्द न कळल्यामुळे जातात. 'अनलेस' या शब्दात नकार आधीच असतो. लेखिकेचे शालेय शिक्षण लोणारला झाले. आई इंग्रजी शिकलेली असेल तरच घरी सराव घेता येतो. रामसरचा दर्जा मिळाला त्याच वर्षी लोणारचे पाणी गुलाबी झाले होते. पाचांपैकी एकाचे उत्तर 'लिहिलेलं नाही' असे आहे. उत्तरे मी छापत नाही, बोट ठेवायला सगळ्या ओळी वर आहेत.